हवेच्या मर्जीने: मिलिमीटर लहरींविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न: फाइव्ह-जीमुळे 'मिलिमीटर वेव्ह' हा शब्द कानावर आला. लष्करातल्या लहरी त्याच का?

कुटुंब एकच. ३० ते ३०० गिगाहर्ट्झ, म्हणजे १० ते १ मिलिमीटर लांबीच्या या लहरी. (२०२२च्या फाइव्ह-जी लिलावातला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा काटेकोरपणे पाहिला तर थोडा अलीकडेच राहतो, पण बोलताना कोण एवढं धरतं!) आणि हे नवं मुळीच नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५मध्ये कलकत्त्यात तारेविना घंटा वाजवली, बंदुकीची दारूही पेटवून दाखवली. त्यांचे प्रयोग पुढे पाच मिलिमीटरच्या लहरींपर्यंत गेले.

प्रश्न: रडार जुनंच आहे. लहर आखूड करून काय साधतं?

लहर आखूड झाली की छोट्या अँटेनातूनही निमुळता झोत निघतो. क्षेपणास्त्राच्या जेमतेम १८ सेंटिमीटर रुंद नाकात जागा ती किती! ब्रिटिश 'ब्रिमस्टोन'च्या नाकात ९४ गिगाहर्ट्झचं रडार बसतं ते त्यामुळेच. अपाचे हेलिकॉप्टरच्या पंख्यावरचा तो घुमट पाहिला असेल. त्यात ३५ गिगाहर्ट्झचं 'लाँगबो' रडार असतं. हेलिकॉप्टर झाडांआड दडतं, घुमट तेवढा वर काढतं. अपाचेवरच्या लेझरवाल्या हेलफायर क्षेपणास्त्रासाठी लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवावा लागतो आणि धुरात तो हरवतो. रडारवालं हेलफायर सोडलं की वैमानिक निघून जायला मोकळा. आपल्या हवाई दलाच्या काही अपाचेंवरही हा घुमट आहे.

प्रश्न: आमच्या रत्नागिरीत पावसात डिशसुद्धा बंद पडते. मग ही रडारं जुलैत काय कामाची?

नेमकं दुखणं पकडलंत. पावसाचे थेंब आणि या लहरी जवळपास एकाच मापाच्या. तासाला २५ मिलिमीटरची सर असेल तर ९४ गिगाहर्ट्झची लहर एका किलोमीटरात साधारण दहाव्या हिश्श्यावर येते, आणि रडारला तर परतीचाही प्रवास असतो. म्हणून यांची मजल काही किलोमीटरची. लांबची टेहळणी लांब लहरींनीच करावी.

पण खरी गंमत ६० गिगाहर्ट्झला आहे. तिथे हवेतला ऑक्सिजनच लहर गिळतो, जमिनीलगत किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल, म्हणजे उरतो जेमतेम तिसावा हिस्सा. अमेरिकेच्या लष्करी संदेशवहनाच्या 'मिलस्टार' उपग्रहांनी हाच दोष कामाला लावला. पहिला उपग्रह १९९४मध्ये गेला, आणि उपग्रहांनी आपसात बोलायचं ते ६० गिगाहर्ट्झवर. अवकाशात ऑक्सिजन नाही, खाली मात्र वातावरणाची जाड गोधडी. जमिनीवरून ना ते बोलणं ऐकता येतं, ना त्यात अडथळा आणता येतो.

प्रश्न: माणसाला भाजणारा किरण खरंच आहे?

आहे. अमेरिकेची 'अ‍ॅक्टिव्ह डिनायल सिस्टीम', ९५ गिगाहर्ट्झची. लहर त्वचेत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी शिरते, पण आग इतकी होते की माणूस आपसूक बाजूला पळतो. इजा होत नाही, असा दावा. तरी २००७च्या चाचणीत एका सैनिकाचे पाय भाजलेच. २०१०मध्ये ती अफगाणिस्तानात नेली आणि न वापरताच परत आणली. मला ते बरंच वाटलं. वळ न उमटवता वेदना देणारं यंत्र जमावासमोर कोण कसं वापरेल, याची खात्री कुणी द्यायची?

प्रश्न: अशा रडारपासून रणगाडा लपतो कसा?

साध्या धुराने नाही. त्या धुरात धातूचा मुलामा दिलेले किंवा कार्बनचे बारीक तंतू मिसळावे लागतात, लहरीच्या निम्म्या लांबीचे. ३५ गिगाहर्ट्झला सुमारे चार मिलिमीटर, ९४ला दीड.