गुडघा बदलताना कमरेतली भूल बरी की पूर्ण भूल? मांडीच्या पट्ट्याने पायाला इजा होते का?

तुम्ही लिहिलंय की आई ६६ वर्षांची, कणकवलीला असते, गणपती विसर्जन झालं की डावा गुडघा बदलायचाय आणि वाडीतल्या कोणीतरी सांगितलं की मांडीला पट्टा आवळतात त्याने आतलं मांस मरतं, म्हणून भूल कुठली घ्यावी, असं विचारताय. मी भूलतज्ज्ञ आहे, गेली बरीच वर्षं चिपळूणपासून खाली सावंतवाडीपर्यंत याच ऑपरेशन्सना भूल देतोय. वाडीतल्या माणसाचं अगदीच खोटं नाही, पण अर्धंच आहे.

तो पट्टा म्हणजे टर्निकेट, बीपीच्या पट्ट्यासारखाच पण हवा खूप जास्त भरलेला. बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा साधारण १०० ते १५० जास्त प्रेशर ठेवतात म्हणजे पायात रक्त येतच नाही, सर्जनला स्वच्छ दिसतं आणि नवा सांधा हाडाला चिकटवायचं सिमेंट नीट बसतं. तेवढा वेळ स्नायू ऑक्सिजनशिवाय असतो, आत लॅक्टिक आम्ल साठतं. आणि गंमत म्हणजे बरीचशी इजा पट्टा सोडल्यावर होते. बागेतला पाट बंद ठेवून मग एकदम सोडला की पहिलं पाणी गढूळ येतं ना, तसं. रक्त परत धावतं, ऑक्सिजनमुळे फ्री रॅडिकल नावाचे उग्र कण तयार होतात, ते पेशींचं आवरण पोखरतात, स्नायू सुजतो, आणि साठलेलं आम्ल आणि पोटॅशियम अंगभर जातं म्हणून त्या पाच-दहा मिनिटांत बीपी खाली येतं. तेव्हा मी मॉनिटरवरून नजर हलवत नाही.

आता भूल. पूर्ण भुलेत प्रोपोफॉल नावाचं पांढरं दुधासारखं औषध असतं, त्याची रासायनिक ठेवण ई जीवनसत्त्वाच्या जवळची, त्यामुळे ते फ्री रॅडिकल थोडेफार शोषतं, आणि नुसत्या गॅसवर ठेवलेल्या पेशंटपेक्षा प्रोपोफॉलवाल्यांच्या रक्तात इजेच्या खुणा कमी सापडल्यात. कमरेतल्या भुलेत कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि शरीराचा ताण कमी राहतो. शिवाय पूर्ण भुलेत पाऊण-एक तासाने पट्ट्याच्या कळेमुळे झोपेतही बीपी चढायला लागतं, कमरेतल्या भुलेत असं सहसा कमी वेळा होतं. पण रक्तातली खूण कमी म्हणजे आई दोन दिवस आधी चालेल असा अर्थ काढू नका.

मला स्वतःला विचाराल तर तिच्या वयाला मी कमरेतलीच देईन. पोट, फुप्फुस यांना त्रास कमी, नंतर उलट्या कमी. मध्येच एखादी आजी विचारते, "डॉक्टरानू, माझो पाय खंय गेलो?" म्हणजे भूल बरोबर चढली. पण रक्त पातळ करायच्या काही गोळ्या चालू असतील, हृदयाची झडप फार आकसलेली असेल किंवा कमरेत जंतुसंसर्ग असेल तर पूर्ण भूलच बरी, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

पायाला खरा फरक पडतो तो वेळ आणि प्रेशरने. पट्टा दोन तासांच्या आत सुटलाच पाहिजे, सरावातल्या सर्जनचा त्याच्या बऱ्याच आधी सुटतो, काही जण फक्त सिमेंट लावताना फुगवतात तर काही जण लावतच नाहीत. हे आधी विचारा. अजून एक, पट्ट्याखाली कापूस नीट गुंडाळलेला हवा. एका ठिकाणी मी पाहिलंय, जंतुनाशक औषध ओघळून पट्ट्याखाली मुरलं आणि त्या बाईच्या मांडीला भाजल्यासारखे फोड आले, गुडघा छान झाला पण फोडांनी महिनाभर छळलं, ते मला आजही टोचतं कारण ते टाळता आलं असतं.

पायाच्या शिरेत आधी कधी गाठ झाली असेल, चालताना पोटऱ्या भरून येत असतील, पाय कायम गार पडत असतील तर हे आधीच सांगा, अशा वेळी पट्टा टाळायचा विचार करावा लागतो. नंतर मांडी आठवडाभर ठणकेल, काळीनिळी होईल, ते चालतं. पण भूल उतरल्यावरही पाऊल वर उचलता येत नसेल किंवा पोटरी दगडासारखी घट्ट होऊन कळ वाढतच असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा.

तुम्ही मुंबईहून येणार म्हणताय, तर एक दिवस आधी या आणि आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलवाल्या डॉक्टरांना दाखवा, नावं तोंडी सांगू नका, मनाने कुठली बंदही करू नका. काही अडलं तर इथेच खाली लिहा, मी रात्री बघतो.