अडचणीतच देव आठवला, तर ते ढोंग का?

तुमचा प्रश्न असा आहे : एरवी देवाचं नाव न घेणाऱ्या माणसाने संकटात, कुणाला न सांगता हात जोडले तर ते ढोंग ठरतं का? आणि त्याने काही होतं का?

ढोंगाला बघणारं कुणीतरी लागतं. दार लावून एकटा बसलेला माणूस कुणाला दाखवणार? राहिली गोष्ट 'गरजेपुरता देव' या टोमण्याची. भागवतातल्या गजेंद्राचा पाय मगरीने धरला, तेव्हा तो आधी स्वतःच्या बळावर झुंजला, तेही म्हणे हजार वर्षं. कळपातल्या बाकीच्या हत्तींनाही तो सोडवेना, तेव्हा कुठे त्याने धावा केला. इतके दिवस कुठे होतास, असं त्याला कुणी विचारलं नाही.

आता उपयोगाचं. २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. परक्या लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करूनही गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली. म्हणजे 'प्रार्थनेने हमखास बरं होतं' असं मी तरी सांगणार नाही. पण तो प्रश्न दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचा होता. तुमचा वेगळा आहे.

माझे वडील व्हेंटिलेटरवर होते. घरात मीच थोरला, त्यामुळे आईला धीर देणं, नातेवाइकांचे फोन घेणं, डॉक्टरांपुढे शांत राहणं, सगळं माझ्याकडे. तिसऱ्या रात्री जिन्यात जाऊन बसलो. लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हणायला गेलो, तर दुसऱ्याच ओळीला अडलो. मग नुसतंच पुटपुटलो, "मला झेपत नाहीये." आणि पाठोपाठ जे निघालं त्याने मीच दचकलो : "बरं कर, नाहीतर सोडव त्यांना."

हे मी कुणासमोर बोलू शकलो असतो? आईसमोर तर नाहीच. मनात ते होतं हेसुद्धा मला तोवर ठाऊक नव्हतं. एकांतातल्या प्रार्थनेचं मोल मला तिथे कळलं. तिथे कुणाला सांभाळून घ्यावं लागत नाही. म्हणून शब्द जुळवत बसू नका, जे येईल ते बोला. देवावर राग आला असेल तर तोही.

तोंड धुऊन वर गेलो आणि दोन दिवस टाळलेला प्रश्न डॉक्टरांना विचारला : वाचण्याची शक्यता किती? उत्तर वाईट होतं. पण त्यामुळे आईला खरं सांगता आलं. पुढचे दोन दिवस, जेवढा वेळ आत सोडत तेवढा, ती त्यांचा हात धरून बसली. सहाव्या दिवशी वडील गेले.

जिन्यातलं ते वाक्य आईला मी अजून सांगितलेलं नाही.