वाचकांचे प्रश्न : मॅलमची पायवाट

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे लीड्सला जाणार आहोत. यॉर्कशायर डेल्समधल्या मॅलम गावी एका दिवसात पायी काय काय होईल? दोघंही साठी ओलांडलेले, पण सिंहगड अजून चढतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : सिंहगड चढता म्हणजे दम पुरेल. सांभाळायचे ते गुडघे आणि घोटे. गावातून मॅलम कोव्हचा कडा, मग गॉर्डेल स्कारची घळ, जॅनेट्स फॉसचा धबधबा आणि परत गाव, असा फेरा साधारण ८ किलोमीटरचा होतो. थांबत थांबत चार तास धरा. पुष्कळजण आधी धबधब्याकडे जातात. तुम्ही मात्र कोव्हपासून सुरुवात करा. सुमारे ८० मीटर उंच कड्याच्या बाजूने ४०० च्या आसपास दगडी पायऱ्या आहेत. त्या ताज्या पायांनी चढलेल्या बऱ्या, थकल्यावर उतरताना गुडघे बोलू लागतात. शेवटचा टप्पाही मग ओढ्याकाठचा, सोपा.

माथ्यावर चुनखडीची फरसबंदी लागते. दगडाच्या फटी पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने विरघळून रुंदावल्या आहेत. काही फटींत गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि घोटे मुरगळतात ते इथेच. काठी घडी करून सॅकमध्ये टाका, टोक फटीत अडकतं. लाखो बुटांनी घासून दगड गुळगुळीत झालाय. पाऊस पडला असेल तर फरसबंदीवर जाऊच नका, कडेच्या गवतावरून जा.

गॉर्डेलच्या घळीत लोक धबधब्याच्या कडेने वर चढताना दिसतील. ती वाट हातापायांनी चढायची आहे, ओली आणि निसरडी. तुम्ही पायथ्याशी बसून पोळी-भाजी खा आणि आल्या वाटेने फिरा.

माणशी दीड लिटर पाणी घ्या. झऱ्याचं पाणी नितळ दिसलं तरी पिऊ नका. चुनखडीत ते मातीतून गाळून न येता फटींतून थेट खाली येतं, आणि वर सगळीकडे मेंढ्या चरतात. कुरणांची फाटकं ओलांडलीत की लावून घ्या. सुट्टीच्या दिवशी वाहनतळ लवकर भरतो. स्किप्टनहून बस आहे, पण फेऱ्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : मॅलम टार्न तळ्यातून निघालेला ओढा जमिनीत गडप होतो. कोव्हच्या पायथ्याशी निघतो तो तोच का?

उत्तर : दिसतं तसं, पण नाही. टार्नच्या तळाशी पाणी न झिरपणारा पाटीचा दगड आहे, म्हणून तळं टिकतं. तिथून थोडं दक्षिणेला चुनखडी लागली की ओढा बुडतो. ते पाणी मुख्यतः गावाच्या खाली, एअर हेडच्या झऱ्यांशी वर येतं. कोव्हखालचं पाणी पश्चिमेकडे बुडालेल्या दुसऱ्याच ओढ्याचं. डिसेंबर २०१५ च्या वादळी पावसात मात्र जमिनीखालच्या वाटा तुंबल्या आणि एरवी कोरड्या असलेल्या त्या कड्यावरून काही तास धबधबा कोसळत होता.