दुःखावर लिहिताना डोंगर किती यावा? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईच्या मृत्यूनंतर नोकरी सोडून मी नुकताच उंच डोंगराळ भागात राहायला आलो. तिच्यावर लिहायचे, एवढाच हेतू होता. परंतु लिहायला बसलो की धुके, दऱ्या आणि शिखरे यांचीच वर्णने होतात, आई कागदावर येत नाही. रात्री झोपही धड लागत नाही. डोंगरात दुःख हलके होते ना?

उत्तर : माझा तसा अनुभव नाही. थोरला भाऊ गेला तेव्हा मी आधीपासूनच डोंगरात राहत होते, त्यामुळे सांत्वनासाठी तिकडे जाण्याची सोयच मला नव्हती. डोंगर भव्य असतो, माणसाच्या जन्ममरणाची त्याला फिकीर नसते, हे विचार पहिल्याच दिवशी सुचतात. अडचण अशी की ते कोणाच्याही मृत्यूबद्दल लिहिता येतात, आणि तुमची आई ही 'कोणीही' नव्हती.

म्हणून डोंगर गाळावा असे नाही. त्याच्यामुळे रोजच्या जगण्यात काय बदलते तेवढे लिहावे. दरीतल्या घरावरचे ऊन सूर्यास्ताच्या बरेच आधी कड्याआड जाते, आकाश मात्र उजळ राहते आणि संध्याकाळ लांबते. मग उतारावरची हवा थंड व जड होऊन खाली दरीत उतरू लागते. भाऊ गेल्यावर मला सर्वांत अवघड गेली ती हीच लांबलेली संध्याकाळ, कारण त्याच वेळी तो फोन करी आणि हवामानाची चौकशी करण्याच्या निमित्ताने मी ठीक आहे ना, हे पाहून घेई. मी त्याच्यावर लिहिले तेव्हा डोंगर आला तो या फोनची वेळ सांगण्यापुरता.

तुमच्या आईला थंडी सोसत असे का? चढावर दम लागला की थांबण्यासाठी ती कोणते निमित्त काढी? की तिने डोंगर कधी पाहिलाच नव्हता? तसे असेल तर जिथे तिची एकही आठवण नाही अशा ठिकाणी तिला शोधायला आलेला मुलगा, हाच तुमचा विषय आहे.

झोपेबद्दल एवढेच की सुमारे २,५०० मीटरच्या वर नवख्या माणसाचा श्वास झोपेत अनियमित होतो आणि वारंवार जाग येते. सगळे जागरण दुःखाच्या खात्यावर टाकू नका. त्रास लांबला तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : लिहिल्याने मन मोकळे होते म्हणतात. वडील गेल्यापासून मी रोज त्यांच्याबद्दल लिहिते, पण बरे वाटत नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे आपल्या क्लेशदायक अनुभवांविषयी लिहिले. त्यांपैकी ज्यांनी घटनेबरोबर भावनाही मांडल्या, त्यांना लिहून झाल्यावर अधिकच उदास वाटले. आजारपणामुळे दवाखान्यात जाणे कमी झाले ते पुढच्या काही महिन्यांत. आप्तांचा मृत्यू अनुभवलेल्यांच्या बाबतीत तर लेखनाचा असा लाभ पुढच्या अभ्यासांत नेहमी दिसलेला नाही. मला शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची १९९९ मधील मांडणी अधिक पटते: शोक करणारा माणूस दुःखाकडे वळतो, मग कामाकडे, पुन्हा दुःखाकडे, आणि हे येणे-जाणे म्हणजेच शोक निभावणे. तेव्हा काही दिवस वडिलांची वही मिटून दुसरे काही लिहिलेत, तर त्यात त्यांच्याशी प्रतारणा नाही.

प्रश्न : भावाच्या शेवटच्या आजाराबद्दल छापू नये, असे वहिनी म्हणते. काय करावे?

उत्तर : वहीत सगळे लिहा, छापताना मात्र वहिनींचे ऐका. ज्या मजकुरातून माणसाऐवजी केवळ आजार कळतो, तो काढायला हरकत नसते; अखेरचे काही आठवडे पुष्कळदा आधीच्या सबंध आयुष्यावर पसरून बसतात. माझ्या वहिनींच्या सांगण्यावरून मी रुग्णालयाचा भाग गाळला आणि लेखाचे काही बिघडले नाही. भावाच्या चिडकेपणाची हकिकत मात्र मी गाळणार होते, ती त्यांनी आग्रहाने ठेवायला लावली.