तळ्याकाठचा फेरफटका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घराजवळ एक लहानसं, निवांत तळं आहे. रोज सकाळी त्याला दोन-तीन फेऱ्या मारते. पण मी पोचेपर्यंत पक्षी पलीकडच्या काठाला गेलेले असतात. माझं काय चुकतं?

उत्तर : चालण्याचा वेग. व्यायामाची फेरी आणि तळं बघायची फेरी एकात बसत नाही, दोन्हींना वेगळा वेळ द्या. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम, कारण तेव्हा बहुधा वारा पडलेला असतो आणि पाण्यावरची बारीक हालचालही नजरेला येते. सुरुवात पूर्वेच्या काठावरून करा, म्हणजे ऊन पाठीशी राहील. ते समोरून आलं तर चकाकीत पक्षी नुसता काळा ठिपका दिसतो.

पाण्याकडे थेट चालत जाऊ नका, तिरकं जा. रोखाने येणाऱ्या माणसाला पक्षी जास्त बिचकतात. बांधाच्या माथ्यावरून चाललात तर आभाळापुढे तुमची आकृती लांबूनच दिसते, म्हणून झुडपांच्या आडोशाने खालून चाला. पक्ष्याने मान ताठ केली की जागीच थांबा. मान पुन्हा खाली गेली, की मगच पुढचं पाऊल.

आणि एका जागी दहा मिनिटं उभं राहाच. टिबुकली या लहानशा पाणपक्ष्याने बुडी मारली तर त्याच जागेवर डोळे लावून बसू नका, ती बरीच लांब वर येते. काठच्या गवतावर चतुर आणि टाचणी या उडणाऱ्या कीटकांतला फरकही तेव्हाच कळतो : बसल्यावर चतुराचे पंख आडवे पसरलेले, टाचणीचे बहुतेक वेळा पाठीवर मिटलेले.

प्रश्न : काठाजवळच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. कुणी तेल ओतलं असेल का?

उत्तर : आधी एक काटकी घ्या आणि तवंग ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर ते लोहजीवाणूंचं काम. पाण्यात विरघळलेल्या लोहावर ते जगतात. खाली गंजाच्या रंगाचा बुळबुळीत गाळही अनेकदा सापडतो, त्याची काळजी नको. तवंग फाटून लगेच पुन्हा जुळला आणि इंधनाचा वास आला, तर मात्र तेल. फोटो काढून स्थानिक प्रशासनाला कळवा.

हिरव्या थराचीही हीच परीक्षा. काटकीला लांब तंतू लटकले तर साधं शेवाळ. रंगात बुडवल्यासारखी काटकी माखली तर नीलहरित शैवाल असू शकतं. त्यातले काही प्रकार विषारी असतात. त्या पाण्याला हात लावू नका आणि कुत्र्याला तर मुळीच पिऊ देऊ नका.

प्रश्न : वाळलेला वाटणारा काठ पायाखाली खचला आणि बूट रुतला. हे कसं ओळखायचं?

उत्तर : पाणी नुकतंच ओसरलेल्या पट्ट्यात वरची साय सुकते, खाली चिखल मऊच राहतो. नुसत्या भेगांवर विसंबू नका. काठीने दाबून बघा, चार बोटं सहज आत गेली तर मागे फिरा. पाय रुतलाच तर सरळ वर उपसू नका, बुटाखाली पोकळी होऊन तो आणखी ओढला जातो. भार मागच्या पायावर घ्या, टाच डावी-उजवीकडे हलवून हवेला वाट करून द्या आणि मग टाच आधी उचला.