मतदान केंद्राजवळचे ‘चिन्ह’: निशाणी, खूण की फलक?

‘आमच्या सोसायटीला लागून असलेल्या शाळेत मतदान आहे. मतदान केंद्रापासून 100 मीटरच्या आत राजकीय चिन्हे लावू नयेत, अशी सूचना सोसायटीच्या फळ्यावर लागली आहे. येथे चिन्ह म्हणजे फक्त उमेदवाराची निशाणी समजायची का? नुसते नाव लिहिलेला फलक चालेल का?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

फलक चालणार नाही. मात्र सूचनेतल्या वाक्यावरून हे कळत नाही, आणि त्याचे कारण ‘चिन्ह’ या शब्दाच्या निवडीत आहे.

लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 130 नुसार, मतदानाच्या दिवशी केंद्रात किंवा केंद्रापासून 100 मीटरच्या आतील कोणत्याही सार्वजनिक अथवा खासगी जागेत मते मागण्यास, तसेच निवडणुकीशी संबंधित कोणतीही ‘नोटिस’ किंवा ‘साइन’ प्रदर्शित करण्यास मनाई आहे. अपवाद फक्त अधिकृत सूचनेचा. उमेदवाराला मिळणाऱ्या कपबशी, शिट्टी, पतंग यांसारख्या चित्रांसाठी मात्र कायद्याच्या इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘सिम्बॉल’. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, 1968 याच्या नावातही तोच आहे. मराठीत ‘साइन’ आणि ‘सिम्बॉल’ या दोहोंसाठी आपण सहज ‘चिन्ह’ म्हणतो, आणि निवडणुकीच्या संदर्भात तो शब्द इतका रूढ झाला आहे की वाचकाच्या डोळ्यांपुढे कपबशीच येते, नावाचा फलक येत नाही.

शिवाय चिन्हाला मतदान केंद्रात सरसकट बंदी नाहीच. निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची यादी केंद्राबाहेर लावणे नियमानेच आवश्यक असते आणि त्या यादीत प्रत्येकाचे चिन्ह नमूद असते. आत मतदान यंत्रावरही ते असते. 1951–52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जेव्हा देशातील साक्षरता जेमतेम 18 टक्के होती, तेव्हा तर प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावरच त्याचे चिन्ह असे. मनाई आहे ती अधिकृत सूचनेखेरीज केलेल्या प्रदर्शनाला, मग त्यात चित्र असो वा नसो.

‘निशाणी’ हा फारसी ‘निशान’वरून आलेला शब्द मला मनापासून आवडतो. ‘निशाणी डावा अंगठा’ या दस्तऐवजी प्रयोगापासून ‘आपली निशाणी कपबशी’ या प्रचारातल्या घोषणेपर्यंत तो लोकांच्या तोंडी आहे. पण निवडणुकीत त्याचा अर्थ ‘सिम्बॉल’ एवढाच होतो, म्हणून या सूचनेत तो उपयोगाचा नाही. ‘साइन’च्या जवळ जाणारा शब्द ‘खूण’ हा आहे. तो बिल्ला, टोपी, उपरणे, भिंतीवरचे चित्र या सर्वांना सामावून घेतो. पाटीसारख्या वस्तूसाठी ‘फलक’ वेगळा लिहावा.

‘लावू नयेत’ हे क्रियापदही अपुरे आहे. लावणे म्हटले की भिंत किंवा खांब डोळ्यांसमोर येतो. हातात धरलेला फलक किंवा डोक्यावरची टोपी त्यातून निसटते. ‘प्रदर्शित करणे’ हा प्रयोग जड असला तरी येथे तोच योग्य आहे.

‘राजकीय’ हे विशेषण मी काढून टाकेन, कारण आपला कायदा ‘निवडणुकीशी संबंधित’ असे म्हणतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मतदान केंद्रात ‘राजकीय’ बिल्ला वगैरे वापरण्यास बंदी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती रद्द केली, आणि ‘राजकीय’ या शब्दाची व्याप्ती नीट ठरवता येत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

तेव्हा सूचना अशी लिहिता येईल: ‘मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात व केंद्रापासून 100 मीटरच्या आत, स्वतःच्या घराच्या गॅलरीतही, निवडणुकीशी संबंधित कोणतीही सूचना, फलक किंवा खूण प्रदर्शित करू नये.’ महानगरपालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक असेल, तर ती राज्य निवडणूक आयोग वेगळ्या कायद्यांखाली घेतो. म्हणून अंतर आणि कलम त्या कायद्यातून पाहून घ्यावे.