'बेन' आणि 'म्ना': एकाच शब्दाची दोन तोंडं

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'बॅन्शी' या आयरिश भुताच्या नावातला पहिला भाग म्हणजे 'बाई', हे पटलं. मग आयर्लंडमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहावर 'म्ना' अशी पाटी का असते? हा दुसराच शब्द का?

दुसरा नाही, तोच. 'म्ना' हे त्याच नामाचं अनेकवचन. (रोमन लिपीत ही पाटी 'एम'ने सुरू होते आणि पुरुषांची 'फिर' ही पाटी 'एफ'ने, त्यामुळे नवखे पाहुणे हमखास चुकीच्या दारात शिरतात. 'फिर' हे 'फेर', म्हणजे पुरुष, याचं अनेकवचन. आपला 'वीर' त्याचा सख्खा भाऊ: आयरिशमध्ये शब्दारंभीच्या मूळ 'व'चा 'फ' झाला.)

जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे ढोबळ मानाने आठव्या-नवव्या शतकातल्या भाषेत, हे नाम असं चालतं. प्रथमा एकवचन 'बेन', षष्ठी 'म्ना', चतुर्थी 'म्नाइ'. द्वितीया जुन्या लेखनात 'बेइन', पण पुढे तिथेही 'म्नाइ' घुसलं. अनेकवचनी प्रथमा आणि द्वितीया दोन्ही 'म्ना', चतुर्थी 'म्नाइव', आणि षष्ठी मात्र 'बन'. संस्कृतासारखं द्विवचनही आहे: दोन बायका म्हणजे 'दी म्नाइ'. व्याकरणं याला आकारान्त स्त्रीलिंगी गटात टाकतात आणि पुढे 'अनियमित' असा शेरा मारतात. तो शेरा मला पटत नाही, कारण ही अनियमितता म्हणजे फार जुना नियम शिल्लक राहिलेला आहे.

मूळ भारोपीय (संस्कृत, ग्रीक, आयरिश यांची सामाईक पूर्वज भाषा) धातूत सुरुवातीला ओठ गोल करून उच्चारलेला 'ग्व' होता. काही विभक्तींत त्याच्यानंतर 'ए' स्वर यायचा, काहींत स्वर गळून थेट 'न' यायचा: 'ग्वेन-' आणि 'ग्वन-'. आयरिश ज्या कुळातली, त्या केल्टिक भाषांत या 'ग्व'चा 'ब' झाला. म्हणजे 'बेना' आणि षष्ठी 'ब्नास'. शेवटचे भाग झिजले, 'बेना'चं 'बेन' उरलं. 'ब्ना'मध्ये 'न'च्या शेजारी 'ब' अनुनासिक होऊन 'म' झाला. जगत् + नाथ = जगन्नाथ यात जे घडतं तेच. हा बदल आयर्लंडपुरता नव्हता. दक्षिण फ्रान्समधल्या लार्झाक इथे १९८३ मध्ये सापडलेल्या शिशाच्या पत्र्यावर, गॉलिश या तिथल्या प्राचीन केल्टिक भाषेत, एकाच मजकुरात 'ब्नानोम' (बायकांचा) आणि 'म्नास' (बायकांना) अशी दोन्ही रूपं आहेत.

आता आपल्या बाजूने पाहा. वैदिक संस्कृतात स्त्री किंवा पत्नी या अर्थी 'जनि' आहे आणि देवपत्नी या अर्थी 'ग्ना' आहे. कोशात ते दोन वेगळे शब्द म्हणून बसलेत, पण ही जोडी म्हणजेच 'बेन' आणि 'म्ना'. ज्या 'ग'नंतर 'ए' होता त्याचा संस्कृतात 'ज' झाला. जिथे स्वरच नव्हता तिथे 'ग' तसाच राहिला. ऋग्वेदात 'ग्नास्पति' हा शब्द येतो. त्यातलं 'ग्नास्' ही जुनी षष्ठी, आणि 'म्ना' ही आयरिश षष्ठी तिच्याशी अक्षरशः जुळते. फारसीत याच मुळाचा 'ज़न' झाला, आणि तिकडून आपल्याकडे जनाना, जनानखाना आले. ग्रीक शाखेतून 'गायनॅकॉलॉजिस्ट', इंग्रजी शाखेतून 'क्वीन'.

इथे एक चूक वारंवार होते. 'जनि' म्हणजे जन्म देणारी, असं समजून तिला 'जन्' धातूला जोडलं जातं. संस्कृतपुरतं पाहिलं तर ते सहज पटतं, कारण तिथे दोन वेगळे मूळध्वनी एकाच 'ज'मध्ये मिसळले. आयरिशमध्ये ते मिसळले नाहीत: जन्म म्हणजे 'गेन', बाई म्हणजे 'बेन'. एकीकडे 'ग', दुसरीकडे 'ब', म्हणजे मुळं दोन. संस्कृतातला गुंता सोडवायला आयरिश उपयोगी पडते ती अशी.

वाचताना अडखळायला होतं ते उपपदामुळे, म्हणजे नामाआधी येणाऱ्या, इंग्रजी 'द'सारख्या 'इन', 'इन्ना' या शब्दांमुळे. 'इन्ना म्ना' हे 'त्या बाईचा' (षष्ठी एकवचन) असू शकतं किंवा 'त्या बायका' (प्रथमा अनेकवचन). 'मक् इन्ना म्ना' म्हणजे त्या बाईचा मुलगा; आधी नाम आलं असेल तर बहुधा षष्ठीच समजावी. प्रथमा एकवचनात उपपदामुळे 'ब' मऊ होऊन 'व' होतो, पण जुन्या लेखनात तो दाखवत नाहीत: लिहायचं 'इन बेन', म्हणायचं 'इन वेन'. आणि 'बायकांचा' म्हणजे 'इन्ना म्बन'. यातला 'म' 'म्ना'मधला नव्हे. षष्ठी अनेकवचनाचं उपपद पुढच्या शब्दाला अनुनासिक चिकटवतं, त्याचा हा 'म'. १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या 'कुमन ना मन' या स्त्रियांच्या संघटनेच्या नावात आजही तो छोट्या 'एम'पुढे मोठा 'बी' असा लिहितात. उच्चारात 'ब' बुडाला, लेखनात उरला.

समासात पूर्वपद 'बन-' येतं: 'बनफिली' म्हणजे कवयित्री, 'बनदिया' म्हणजे देवी. याखेरीज 'बे' असाही एक जुना शब्द आहे, अर्थ बाईच, पण लिंग नपुंसक. संस्कृतातलं 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी, तेव्हा आपण नवल करण्याचं कारण नाही.

संख्या जोडताना तीन आणि चारची स्त्रीलिंगी रूपं घ्यावी लागतात: 'तेओइर म्ना', 'केथेओइर म्ना'. हीच ती संस्कृतातली 'तिस्रः' आणि 'चतस्रः'. मराठीने ती टाकून दिली, आपल्याला 'तीन' सगळ्यांना चालतो.

स्कॉटलंडच्या 'बेन नेव्हिस' शिखरातला 'बेन' मात्र यात ओढू नका. तो 'बेन्न', म्हणजे शिखर, जोडाक्षरी 'न्न'वाला वेगळा शब्द आहे.